नावानिशी सलाम

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आला की देवळातला वाचक अडखळतो. आधीचे पंधरा अध्याय पाप, कृपा, नियमशास्त्र, इस्राएलचे भवितव्य अशा चढणीच्या वाटेने जातात आणि मग एकाएकी नावांची रांग लागते: अंप्लियात, उर्बान, स्ताखु, अपिल्लेस, त्रुफैना, त्रुफोसा, असुंक्रित, फ्लेगोन. जिभेला वळण नाही, अर्थाला धागा नाही. कॅथलिक परंपरेत आठवड्यातल्या दिवसांसाठी नेमलेल्या वाचनांत हा अध्याय दोन वर्षांतून एकदा येतो, आणि तेव्हाही सगळा येत नाही. पहिली दोन वचने आणि दहा ते पंधरा ही वचने गाळलेली असतात. त्यामुळे फीबी, पर्सिस आणि रूफसची आई यांची नावे त्या दिवशी कानावर पडतच नाहीत.

गाळणाऱ्यांना फार दोष देता येत नाही. नमस्कारांच्या ओळी हा कुठल्याही पत्रातला सर्वांत कमी वाचला जाणारा भाग. आपल्याकडे ‘शि. सा. न. वि. वि.’ काय किंवा ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ काय, डोळा त्यांवरून घसरतो आणि मजकुरावर जातो. पण आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे शोधले, त्यातला मोठा वाटा याच दुर्लक्षित ओळींतून निघाला आहे. त्याला कारण आहे. सिद्धान्त मांडताना माणूस सावध असतो, ‘पर्सिसला सलाम सांगा’ असे लिहिताना तो सावध नसतो. माझ्या मते त्या काळाची सर्वांत भरवशाची साक्ष सलामांत आहे. आणि ही साक्ष नीट वाचली तर सलामाची रीत कशी रुंदावली, आणि मंडळीने स्वतःच ती पुन्हा कशी आवळत नेली, हेही दिसते.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पत्राच्या शेवटी ओळखीपाळखीच्यांना सलाम धाडणे हा ख्रिस्ती शोध नव्हे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत हजारो पपायरस पत्रे टिकली. ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी १८९६-९७ च्या हंगामात ऑक्सिरिंकस गावाचे उकिरडे उकरायला सुरुवात केली, आणि सामान्य माणसांचा पत्रव्यवहार ढिगाने हाती आला. जर्मन विद्वान आडोल्फ डाइसमान याने १९०८ साली आपल्या ग्रंथात ही पत्रे नव्या कराराशेजारी ठेवून दाखवली. त्यांतले माझे आवडते पत्र दुसऱ्या शतकातल्या आपियोन नावाच्या पोराचे. फायूममधल्या खेड्यातून तो रोमन आरमारात भरती झाला, वादळातून वाचून इटलीत मिसेनम बंदराला पोचला आणि वडिलांना लिहायला बसला. समुद्रातून वाचवल्याबद्दल सेरापिस देवाचे आभार, प्रवासखर्चाला मिळालेली तीन सोन्याची नाणी, वडिलांचे हस्ताक्षर पाहायला मिळावे ही विनवणी. मग भावाबहिणींना आणि मित्रांना सलाम. मजकूर संपतो, पण जागा उरलेली नसते, म्हणून डाव्या समासात आडव्या ओळी येतात. बरोबरच्या गावकरी पोरांचेही सलाम त्यात कोंबलेले. आपल्या जुन्या पोस्टकार्डाच्या कडेला उलटसुलट लिहिलेली ‘ताईला सांगा’ची ओळ ज्याने पाहिली आहे, त्याला हे पत्र परके वाटणार नाही.

म्हणजे साचा तयारच होता. ग्रीक पत्राची सुरुवात ठरलेली: अमुककडून तमुकाला, ‘खैरेइन’. शब्दशः ‘आनंद असो’. याकोबाच्या पत्राचा आणि प्रेषितांच्या कृत्यांतल्या यरुशलेमच्या पत्राचा आरंभ नेमका असाच आहे. पौलाने मात्र ‘खैरेइन’ काढून त्याच्याशी नाद जुळणारा ‘खारिस’ म्हणजे ‘कृपा’ हा शब्द बसवला आणि त्याला यहुदी लोकांचा ‘शालोम’, अर्थात शांती, जोडून दिला. ग्रीक कानाला शब्द ओळखीचा वाटावा आणि ऐकू यावे काहीतरी वेगळेच, अशी ही करामत. त्याच्या पत्रांचे हे जणू शिक्कामोर्तब झाले. मराठी बायबलात या अभिवादनाला ‘सलाम’ हा शब्द आहे. आजच्या वाचकाला तो उर्दू वळणाचा वाटेल, पण अरबी सलाम आणि हिब्रू शालोम एकाच धातूतून आले आहेत. अनुवादकांनी जाणून निवडला की नकळत, शब्द घरचाच पडला.

शेवटाची रीतही पौलाने उचललेली आहे. पत्र लेखनिकाकडून लिहवून घ्यायचे आणि अखेरच्या ओळी स्वतःच्या हाताने खरडायच्या, हा त्या काळचा शिष्टाचार. ब्रिटनच्या उत्तर सीमेवरच्या विंडोलांडा छावणीत सापडलेल्या, इ. स. १०० च्या आसपासच्या लाकडी पट्टीवर क्लॉडिया सेवेरा आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते. आमंत्रण लेखनिकाच्या सफाईदार अक्षरात आहे आणि निरोपाच्या दोन-चार ओळी तिच्या स्वतःच्या, जरा अवघडलेल्या अक्षरात. गलतीकरांस लिहिताना पौल आपण केवढी मोठाली अक्षरे काढतो आहोत हे मुद्दाम सांगतो, ते याच ठिकाणी. रोमकरांस पत्रात तर लेखनिकच तोंड उघडतो: तर्तियस मध्येच आपल्या नावाने सलाम घालून टाकतो. साम्राज्यात दररोज हजारो पत्रे लिहून देणाऱ्या लेखनिकांपैकी स्वतःचे नाव असे ठेवून जाणारे विरळाच.

मग पौलाचे वेगळेपण कुठे? एक व्याकरणाची गोष्ट इथे कामाला येते. सोळाव्या अध्यायात तो ‘मी अमक्याला सलाम करतो’ असे म्हणत नाही. ‘तुम्ही अमक्याला सलाम करा’ असे म्हणतो, आणि हे आज्ञार्थी क्रियापद १६ वेळा येते. आपण ‘काकांना नमस्कार सांगा’ लिहितो, तसे हे वरवर दिसते. पण पत्र एका घराला नव्हते. रोममध्ये तेव्हा एकच देऊळ, एकच सभा असे काही नव्हते. याच यादीत निदान पाच निरनिराळे गट दिसतात: प्रिस्किला आणि अक्विला यांच्या घरची मंडळी, अरिस्तबूलच्या माणसांतले, नर्किसच्या माणसांतले, असुंक्रितासोबतचे बंधू, फिलोलोगासोबतचे संत. आणि त्याआधीच्या दोन अध्यायांत कळते की या लोकांचे आपसात खाण्यापिण्यावरून, पाळायच्या दिवसांवरून बिनसलेले होते. अशा लोकांपुढे पत्र वाचले जाते आणि त्यात सांगितले जाते की त्या पलीकडच्या घरातल्यांना तुम्ही सलाम करा. ज्याच्या ताटाला ताट लावायचे नाही, त्याला पौलाच्या नावाने का होईना, जाऊन भेटावे लागणार. सलामांची यादी त्या भांडणाच्या मिटवामिटवीचाच भाग होती, हे काही अभ्यासकांचे म्हणणे मला पटते.

या अध्यायाभोवतीचा मोठा वाद वेगळाच आहे. पौल तोवर रोमला गेलेलाच नव्हता. मग तिथली इतकी माणसे त्याच्या ओळखीची कशी? १८२९ साली डेव्हिड शुल्झ या जर्मन पंडिताने सुचवले की हा अध्याय मुळात इफिसकरांना लिहिलेला असावा. प्रिस्किला-अक्विला शेवटचे भेटतात ते इफिसमध्ये, आणि पौल तिथे बराच काळ राहिला होता. पुढे हाती आलेल्या तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या एका पपायरस हस्तलिखितात समारोपाची स्तुती पंधराव्या अध्यायाच्या शेवटी आढळली, तेव्हा या तर्काला आणखी जोर चढला. शिवाय दुसऱ्या शतकात मार्शनच्या हाती असलेली प्रत चौदाव्या अध्यायापाशीच संपत होती, असे ओरिजेन सांगून गेला आहे. पण १९७७ मध्ये हॅरी गॅम्बल याने हस्तलिखितांचा आणि ग्रीक पत्रांच्या समारोपांचा एकत्र अभ्यास करून अध्याय मूळ पत्राचाच असल्याचे दाखवले. आज बहुतेकांचा कौल तिकडेच आहे. मला तर वाटते, उत्तर त्या आक्षेपातच होते. अनोळखी गावी जायच्या आधी माणूस तिथल्या ओळखी मोजतो. शिवाय क्लॉडियस बादशहाने ४९ च्या सुमारास यहुद्यांना रोममधून हुसकावले होते. त्यांतले काही पूर्वेकडे पौलाला भेटले आणि बादशहा मेल्यावर परतले. इ. स. ५७ च्या सुमारास करिंथजवळ बसून तो त्यांचीच नावे आठवतो आहे.

आता त्या नावांकडे. जे. बी. लाइटफूट याने १८६८ मध्येच रोममधल्या थडग्यांवरच्या लेखांत ही नावे शोधून दाखवली होती. १९८७ मध्ये पेटर लाम्पे याने ते काम पुन्हा, फार बारकाईने केले. त्याने प्रत्येक नाव रोमच्या हजारो शिलालेखांत किती वेळा आणि कोणत्या थरातल्या माणसाला लागलेले दिसते ते मोजले. ज्यांच्याबद्दल काही ठामपणे म्हणता येते, त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक माणसे गुलाम किंवा गुलामांच्या वंशातली असावीत, असा त्याचा निष्कर्ष. पर्सिस म्हणजे नुसते ‘पारशीण’, बाजारात जिथून आणली तो मुलूखच बाईचे नाव झाला. नर्किसची माणसे म्हणजे बहुधा क्लॉडियसच्या त्या बड्या मुक्त गुलामाच्या घरचे नोकरचाकर. नर्किस स्वतः ५४ साली मेला होता, पण त्याच्या कोठीवरच्या माणसांना त्याचेच नाव चिकटून राहिले.

यादीत सलाम पोचायचे आहेत ते २६ व्यक्तींना. त्यांतल्या २४ जणांची नावे आहेत, दोघींचा उल्लेख नात्याने होतो: रूफसची आई आणि नेरेयाची बहीण. स्त्रिया नऊ, आणि पत्र घेऊन येणारी फीबी धरली तर दहा. फीबी किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका, आणि पौलासह अनेकांची आश्रयदाती. प्रिस्किलेचे नाव नवऱ्याच्या आधी. ‘कष्ट केले’ हे क्रियापद या यादीत चौघांना लागते, आणि ते चौघेही बायका आहेत: मरिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. नावांच्या अर्थाने त्रुफैना-त्रुफोसा ही जोडी गमतीची. दोन्ही नावांत ‘नाजूक, ऐषआरामी’ असा अर्थ आहे आणि पौल त्यांच्या कष्टांचे कौतुक करतो. त्याला हसू आले असेल का? त्याच्या पत्रांत विनोद विरळा, पण इथे तो असावा असे माझे मन सांगते.

युनियाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अंद्रोनिक आणि युनिया हे प्रेषितांमध्ये नावाजलेले, असे पौल म्हणतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम याने प्रवचनात तिला स्त्री समजूनच तिची वाखाणणी केली, प्रेषित म्हणवून घेण्याइतकी तिची योग्यता म्हणून. युनिया हे रोममध्ये बायकांचे सर्रास आढळणारे नाव. ‘युनियास’ हे पुरुषाचे नाव त्या काळच्या एकाही लेखात सापडलेले नाही. तरी मध्ययुगापासून ती पुरुष होऊ लागली, लूथरच्या भाषांतरात ती पुरुषच आहे, आणि नेस्तलेच्या प्रमाण ग्रीक आवृत्तीत १९२७ पासून एका स्वरचिन्हाच्या फरकाने तिचा पुरुष करून टाकलेला होता. ते चिन्ह १९९८ मध्ये बदलले. एल्डन एप याने २००५ मध्ये हा सगळा प्रवास एका छोट्या पुस्तकात मांडला. आता वाद उरला आहे तो ‘प्रेषितांमध्ये नावाजलेली’ की ‘प्रेषितांना चांगली ठाऊक असलेली’ एवढाच. २००१ मध्ये दोघा अभ्यासकांनी दुसऱ्या अर्थाची बाजू मांडली. पण क्रिसोस्तोमची मातृभाषा ग्रीक होती आणि त्याला पहिला अर्थ कळला होता, हा मुद्दा मला अजून कुणी खोडलेला दिसत नाही.

यादी संपते तिथे चुंबन येते. पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा, असे पौल चार पत्रांत सांगतो आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात त्याला प्रीतीचे चुंबन म्हटले आहे. याही बाबतीत पार्श्वभूमी पाहावी लागते. रोमच्या बड्या लोकांत भेटल्यावर मुके घेण्याची इतकी लाट होती की तिबेरियस बादशहाला रोजच्या चुंबनांवर हुकूम काढून बंदी घालावी लागली, असे सुएटोनियस सांगतो. थोरल्या प्लिनीने तर याच काळात आलेल्या तोंडावरच्या एका चर्मरोगाची हकीकत दिली आहे. हा रोग चुंबनातून पसरला, पण तो झाला अमीर-उमरावांनाच. बायका, गुलाम आणि सामान्य लोक यांना झाला नाही. रोगाच्या या नकाशातून समाजाचाही नकाशा दिसतो. चुंबन एका पायरीवरच्या माणसांतच फिरत होते, पायरी ओलांडत नव्हते. सख्ख्या नात्यात ते चालायचे, ते वेगळे. अशा गावात घरमालक, त्याच्याच कोठीवरचा गुलाम आणि शेजारची पर्सिस यांनी भावंडांसारखे एकमेकांना चुंबन द्यायचे, ही मागणी काय होती हे प्लिनीच्या त्या परिच्छेदाशेजारी ठेवल्यावाचून उमगत नाही. मायकेल पेन याने २००५ च्या पुस्तकात हेच धरून म्हटले आहे की चुंबनाने या लोकांनी स्वतःचे एक कुटुंब घडवले.

बाहेरच्यांना ते खुपायचे. मिनुसियस फेलिक्सच्या संवादातला विरोधक तक्रार करतो की हे लोक गुप्त खुणांनी एकमेकांना ओळखतात आणि सरसकट भाऊ-बहीण म्हणतात. तर्तुलियन इ. स. २०० च्या सुमारास आपल्या बायकोला बजावतो की माझ्या मागे परधर्मी माणसाशी लग्न करू नकोस. तू कुणा बंधूला चुंबन द्यायला गेलीस तर ते कुठला नवरा खपवून घेईल? याचा अर्थ त्याच्या काळी कार्थेजमध्ये स्त्री-पुरुषही एकमेकांना चुंबन देत होते. आतल्यांनाही काळजी होतीच. अथेनागोरास १७७ च्या आसपास ताकीद देतो की गोडी वाटली म्हणून कुणी दुसऱ्यांदा चुंबन घेऊ नये. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट वैतागतो की काही लोक चुंबनांच्या आवाजाने मंडळी दणाणून सोडतात, आणि मनात प्रेमाचा पत्ता नसतो. तक्रारी वाचताना मौज वाटते, पण पुढच्या नियमांची बीजे त्यांतच आहेत.

सलाम आवळत गेला तो असा. जस्टिनच्या काळी, १५० च्या सुमारास, प्रार्थना संपल्यावर आणि भाकर-प्याला येण्याआधी सगळे एकमेकांना चुंबन देत. म्हणजे वाटेत, दारात, पत्रातून चालणारी गोष्ट आता उपासनेत ठरावीक जागी बसली. पुढे ‘प्रेषितांची परंपरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीत पुरुषांनी पुरुषांना आणि स्त्रियांनी स्त्रियांनाच चुंबन द्यायचे ठरले, आणि अजून बाप्तिस्मा न झालेल्यांचे चुंबन पवित्र नसल्याने त्यांना बाजूला काढले गेले. ३८० च्या आसपासच्या नियमांत पाळकवर्ग वेगळा, सामान्य पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या. ४१६ मध्ये रोमचा इनोसंट पहिला एका बिशपला लिहून समज देतो की शांतीचे चुंबन अर्पण पुरे झाल्यावरच द्यावे, आधी नव्हे. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये एक चित्र कोरलेली फळीच आली. पुरोहिताने तिचे चुंबन घ्यायचे, मग ती लोकांत फिरवायची. माणसाने माणसाला द्यायचे चुंबन लाकडाला मिळू लागले. कुणी आधी घ्यायचे यावर तंटे होऊ लागले, म्हणजे ज्या पायऱ्या मोडायला ते आले होते, त्याच पायऱ्यांवरून ते उतरू लागले.

पत्रांतली बाजू एवढी उदास नाही. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सिरिंकसला सोतास नावाचा, बहुधा बिशप असलेला, एक गृहस्थ होता. त्याच्याभोवतीच्या शिफारसपत्रांचा अभ्यास आनेमारी लाउएनडाइक यांनी २००८ च्या पुस्तकात केला आहे. एका पत्रात हेराक्लिओपोलिसचे वडीलजन ‘पापा’ सोतासला प्रभूच्या नावाने अभिवादन करून सांगतात की आमची बहीण ताइओन तुमच्याकडे येते आहे, तिला शांतीने घ्या. बरोबर एक गृहस्थही आहे, त्याचे उत्पत्तीच्या पुस्तकाचे शिक्षण चालू आहे. एवढेच. फीबीसाठी पौलाने जे केले, तेच दोनशे वर्षांनी गावोगावचे लोक करत होते. परक्या गावात दार उघडून देणारी ही किल्ली होती. म्हणूनच योहानाच्या दुसऱ्या पत्रात खोट्या शिक्षकाला सलामही करू नका असा कडक हुकूम आहे, आणि तिसऱ्याच्या अगदी अखेरीस मित्रांना नावानिशी सलाम सांगा, असे म्हटले आहे. सलाम म्हणजे आसरा, आणि आसरा कुणाला द्यायचा याची चिंता पहिल्यापासून होती.

बाझेल विद्यापीठाच्या संग्रहात शंभराहून अधिक वर्षे पडून असलेले एक पत्र अलीकडे उलगडले. काळ इ. स. २३० चे दशक, गाव फायूममधले थेआदेल्फिया. अरियानस आपल्या भावाला, त्याचे नाव पौलच, घरच्या गोष्टी लिहितो, चांगल्यापैकी माशाची चटणी पाठव म्हणतो, आणि निरोप घेताना ‘प्रभूमध्ये’ हे दोन अक्षरी संक्षेपाने लिहिलेले शब्द जोडतो. तेवढ्या दोन अक्षरांवरून तो ख्रिस्ती ठरतो. आज ज्ञात असलेले बहुधा सर्वांत जुने ख्रिस्ती खासगी पत्र हे. त्यात सिद्धान्त नाही, चटणी आहे आणि सलाम आहे.

आपल्याकडे हा धागा दोन वाटांनी आला. केरळच्या सुरियानी मंडळ्यांत वेदीपासून निघालेली शांती हातातून हातात दिली जाते, तिला ‘कैय्यसूरी’ म्हणतात. आणि व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, भारतातल्या कॅथलिक उपासनेसाठी जे बारा बदल मान्य झाले, त्यांत शांतीच्या चुंबनाऐवजी अंजली, म्हणजे हात जोडून नमस्कार, करायला मुभा मिळाली. मुंबई-वसईच्या देवळांत आज मिस्साच्या वेळी शेजाऱ्याकडे वळून जोडले जाणारे हात तिथून आले. स्पर्श गेला, पण फळीपेक्षा हे पुष्कळ बरे: समोर निदान माणूस असतो.

शेवटी वाचकांना एक विनंती. एकोणिसाव्या शतकापासून मराठी ख्रिस्ती घरांत अहमदनगर, पुणे, मुंबई, कोकण अशी पत्रे फिरत होती. प्रभूच्या नावाने सलाम, मग गावातल्या दहा-वीस जणांची नावे, अशी पत्रे कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत असतील. ती जपा. आणि कधी कुणी छापायला घेतली, तर मजकूर ठेवून शेवटची नावे गाळू नका.